पदं पक्की, गद्य मोकळं

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावची. सांगलीत भूगोल घेऊन एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. माझा प्रकल्प आमच्याच गावातल्या महापुराच्या खुणांवर आहे. २०१९ आणि २०२१ ला कुठल्या घरात पाणी कुठवर आलं, ते मी घरोघरी जाऊन भिंतीला टेप लावून मोजलं, माणसांशी बोलले, नकाशा केला. काम मनापासून केलंय. पण गेल्या आठवड्यात विभागात सादरीकरणाची तालीम झाली आणि सगळा फज्जा उडाला. वेळ दहा मिनिटं, स्लाईड बत्तीस. शब्दन् शब्द पाठ होता. मध्येच एका सरांनी विचारलं, "ही उंची कशापासून मोजली?" उत्तर येत होतं, ते दिलंही. पण त्यानंतर पुढचं वाक्यच आठवेना. हात थरथरायला लागले. मग पडद्याकडे तोंड करून उरलेलं वाचत सुटले. एकोणिसाव्या स्लाईडला घंटा झाली. सर म्हणाले, "वाचायला आम्हालाही येतं." तीन आठवड्यांनी बाहेरगावच्या परीक्षकांसमोर हेच करायचंय, दहा मिनिटं बोलणं आणि पाच मिनिटं प्रश्न. घरी आम्ही 'पाणी कुठवर आलतं' असं बोलतो. ते तिथं चालायचं नाही म्हणून मी पुस्तकी भाषेत लिहून पाठ करते. धाडस कुठून आणू?

उत्तर

तुझं पत्र वाचताना मी एका ओळीपाशी थांबले. सरांनी प्रश्न विचारला आणि तू उत्तर दिलंस. तयारी नसताना, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. म्हणजे विषय तुला येतो, आवाज फुटतो आणि धाडसही आहे. त्या दहा मिनिटांत तू खऱ्या अर्थानं बोललीस ते तेवढंच, आणि ते नीट झालं. गाडी अडली ती पाठ केलेल्या मजकुराकडे परत जाताना.

यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. शब्दन् शब्द पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या आधारानं आठवतं. मध्ये कुणी बोललं, दार वाजलं, लाईट गेली की तो आधार सुटतो, आणि मग सुरुवातीपासून म्हटल्याशिवाय पुढचं सापडत नाही. तू आणखी दहा वेळा पाठ केलंस तरी हा धोका जाणार नाही. तयारीची रीतच बदलावी लागेल, आणि त्यासाठी तीन आठवडे भरपूर आहेत.

तू सांगलीत शिकतेस, म्हणून सांगलीचाच दाखला देते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं इथं नाटक उभं केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली, हे तुला शाळेपासून माहीत आहे. त्या नाटकांची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. भावे पदं रचत आणि सूत्रधार ती म्हणे. पात्रांचं गद्य बोलणं मात्र लिहून दिलेलं नसे. पद झालं की प्रसंग कुठला, पुढं काय घडायचं, हे नटाला कळे आणि तो आपल्या शब्दांत बोले. पदं पक्की, गद्य मोकळं. तुझ्या दहा मिनिटांसाठी मला याहून चांगली पद्धत सुचत नाही. पाच-सहा वाक्यं अशी पक्की कर की झोपेतून उठवलं तरी ती येतील. बाकीचं बोलणं त्या त्या वेळी तुझं तुला सुचू दे. ते सुचतं, कारण त्या भिंती तू स्वतः मोजल्या आहेत.

आता ही पक्की वाक्यं कुठली? सगळ्यांत आधी, लॅपटॉप उघडण्याच्याही आधी, वहीत एक वाक्य लिही: माझं ऐकून उठताना परीक्षकांच्या डोक्यात कुठली एक गोष्ट राहायला हवी? 'महापुराच्या खुणांचा अभ्यास' हा विषय झाला, वाक्य नव्हे. वाक्यात काहीतरी सांगितलेलं असतं. तुझा निष्कर्ष काय आहे तो मला माहीत नाही. पण समज, तुला असं दिसलं असेल की निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पूर कुठवर येईल ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशातल्या रेषेच्या, बाहेर दाखवलेल्या घरांतही कंबरभर पाणी होतं. किंवा गावातला एखादा जुना वाडा उंच जोत्यामुळे वाचला आणि त्याच्या शेजारचं नवं घर बुडालं. जे असेल ते एका दमात म्हणता येईल असं वाक्य कर. ते जमत नसेल तर बोलण्याची तयारी थांबव आणि दोन दिवस प्रकल्पाचाच विचार कर. माझ्या अनुभवात फसलेल्या सादरीकरणांपैकी बरीच इथंच फसलेली असतात, व्यासपीठावर नाही.

ते वाक्य मिळालं की बाकीची वाक्यं सहज ठरतात. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, आणि मधल्या प्रत्येक वळणावरचं एकेक: 'आता हे मोजलं कसं ते सांगते', 'मोजल्यावर काय दिसलं', 'याचा अर्थ काय लागतो'. एवढी वाक्यं एका जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिही. कार्ड जाडच हवं. पातळ कागद थरथरला की आवाज करतो, आणि तो आवाज ऐकून आपण आणखी घाबरतो.

पहिल्या वाक्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तिथं मुलं वेळ घालवतात. तू बहुधा असं काहीतरी लिहिलं असशील: 'प्रस्तुत अभ्यासामध्ये संशोधिकेने कृष्णा नदीच्या पूरपातळीचे सर्वेक्षण करण्याचा प्रयत्न केलेला आहे.' यात डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, आणि 'प्रयत्न केलेला आहे' म्हणून तू स्वतःचं कामही लहान करतेस. त्याऐवजी भिंतीपासून सुरू कर. 'आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. तिच्याखाली मी उभी राहिले तर ती माझ्या डोक्याच्या वर जाते.' शाळेची नसेल तर देवळाची असेल, दूध डेअरीची असेल. तुझ्या मोजमापांत अशी एखादी भिंत नक्की आहे. फोटो तिचाच दाखव, टेप लावलेला, आकडा वाचता येईल असा. नाव, वर्ग, मार्गदर्शकांचे आभार हे सूत्रसंचालक सांगतात किंवा पहिल्या स्लाईडवर लिहिलेलं असतं. पहिली वीस सेकंदं सगळे ऐकतात. ती आभारात घालवू नकोस.

आता स्लाईड. दहा मिनिटांत बत्तीस म्हणजे एकेकीला एकोणीस सेकंदसुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात परीक्षकांनी वाचायचं की तुझं ऐकायचं? दोन्ही एकदम होत नाही. लिहिलेलं समोर दिसलं की माणूस वाचतोच, आणि वाचताना कान बंद होतात. म्हणून सात-आठ स्लाईड ठेव. भिंतीचा फोटो, मोजण्याची पद्धत, गावचा नकाशा, दोन पुरांची तुलना, आणि तुझ्या त्या एका वाक्याचा पुरावा असलेली एक-दोन. जिल्ह्याचं अक्षांश-रेखांश, लोकसंख्या, हवामान, आधीच्या अभ्यासांची यादी हे सगळं प्रबंधात आहे आणि तिथंच शोभतं. काढलेल्या स्लाईड फेकू नकोस, शेवटच्या स्लाईडच्या मागे ठेव आणि त्यांचे क्रमांक कार्डावर लिही. कुणी आधीच्या अभ्यासांबद्दल विचारलं तर स्लाईड शो चालू असतानाच क्रमांक टाकून एंटर दाबलं की ती समोर येते. तयारी दिसते ती अशा वेळी. आणि 'धन्यवाद' लिहिलेली, गुलाबाचं चित्र असलेली स्लाईड नको. प्रश्नांची पाच मिनिटं तुझा नकाशा पडद्यावर राहू दे, म्हणजे प्रश्नही त्यावरच येतील.

वेळेचं गणित दहाचं नको, साडेआठचं कर. माईक लावणं, कुणाचं उशिरा आत येणं, एखादं वाक्य पुन्हा सांगावं लागणं, यात दीड मिनिट जातंच. घंटा व्हायच्या आत स्वतःहून संपवणाऱ्या मुलीबद्दल परीक्षकांचं मत चांगलं होतं. मी परीक्षकाच्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून हे खात्रीनं सांगते.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: आकडे. परीक्षक बाहेरगावचे आहेत. सांगलीत पावसाळ्यात सकाळी उठून माणूस पहिलं विचारतो, 'पुलाला किती फूट?' कुठला पूल ते सांगावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी ५७ फुटांच्या वर गेली, एवढं म्हटलं तरी सांगलीकराच्या पोटात गोळा येतो. पुण्याहून किंवा नागपूरहून आलेल्या माणसाला मात्र ५७ हा नुसता आकडा आहे. म्हणून आधी माप दे, मग आकडा दे. 'या पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात. २०१९ ला पाणी त्याच्याही बारा फूट वर होतं.' हे ऐकल्यावर नागपूरचा माणूसही सावरून बसतो.

असंच पावसाचं. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तू हा आकडा सांगणारच. त्यापुढे आणखी दोन वाक्यं जोड. ५९४ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन फूट पाणी. आणि सांगली-मिरजेकडे वर्षभराचा सरासरी पाऊसही साधारण त्याच घरात असतो. आमच्याकडे वर्षाला पडतो तेवढा वर घाटमाथ्यावर एका दिवसात पडला, हे सांगितल्यावर वरचं पाणी खाली कसं आलं ते वेगळं समजवावं लागत नाही.

टीएमसी आणि क्युसेक हे दोन शब्द तर सगळेच बातमीत ऐकल्यासारखे फेकतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, हा साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग. दोन्हींची सांगड घालून दाखवलीस तर ऐकणाऱ्याला एकदम कळतं: नदीतून एक लाख क्युसेकनं पाणी वाहत असेल तर एक टीएमसी पाणी पुढं सरकायला पावणेतीन तास लागतात. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे, त्यावरून ज्याचा त्याला अंदाज येतो. पण हे सगळं तुझ्या दहा मिनिटांत कोंबू नकोस. मोठे आकडे दोन, फार तर तीन. तुझा विषय गावातल्या भिंती आहेत, धरणं नाहीत. माझं म्हणणं इतकंच की जो आकडा घेशील तो ऐकणाऱ्याच्या मापात बसवून दे.

आणि पूररेषा म्हणशील तेव्हा निळी कुठली, लाल कुठली ते एका वाक्यात सांग. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. तुझ्या वर्गाला ते माहीत आहे, पण परीक्षकांत वनस्पतिशास्त्राचे किंवा संख्याशास्त्राचे कुणी असू शकतात.

सरांचा तो प्रश्न पुन्हा आठव: "ही उंची कशापासून मोजली?" तो प्रश्न तुला अडवायला आला नव्हता. तुझ्या बोलण्यात ती माहिती राहून गेली होती. समुद्रसपाटीपासून, रस्त्यापासून, की घराच्या जोत्यापासून? एका घराचं जोतं चार फूट आणि शेजारच्याचं एक फूट असेल तर दोन्ही घरांतली 'पाच फूट पाणी' ही नोंद वेगवेगळी होते. पद्धतीच्या स्लाईडवर ते आधीच सांगून टाक. तालमीत जो जो प्रश्न येतो तो कुठं खिंडार आहे ते दाखवतो. म्हणून तालीम फसली याचं वाईट वाटून घेऊ नकोस. खिंडार परीक्षेत दिसण्यापेक्षा विभागात दिसलं.

आता तुझ्या बोलीबद्दल. गावातल्या आजींनी तुला सांगितलं असेल, 'चुलीवरच्या फळीपातूर पाणी आलतं गं.' ते वाक्य तू 'स्वयंपाकघरातील फळीपर्यंत पाणी पोहोचले होते' असं करून सांगणार आहेस का? तसं केलंस तर पुराव्यातला जीव जाईल. साक्ष माणसाच्या तोंडची असते, ती तशीच दे. बाकीचं बोलणं तू वर्गात मैत्रिणींना विषय समजावून सांगतेस त्या भाषेत असू दे. पारिभाषिक शब्द त्यात आपोआप येतात. पुस्तकी भाषेचा खरा तोटा असा की ती तुझ्या तोंडात बसलेली नाही, म्हणून तर तुला ती पाठ करावी लागते. म्हणजे तुझ्या भीतीचं निम्मं मूळ तिथं आहे. याच मातीतल्या क्रांतिसिंह नाना पाटलांनी शेतकऱ्याच्या बोलीत भाषणं केली आणि हजारो माणसं ती ऐकायला जमत. आपल्या भागातल्या मुलींनी बोलीपायी तोंड मिटून बसावं, हे मला फार लागतं. हेल राहू दे. स्पष्ट बोल, म्हणजे झालं.

स्पष्ट म्हणजे काय, तेही सांगते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. होकार-नकारसुद्धा तिथंच ठरतो. आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज नेमका वाक्याच्या शेवटी खाली जातो, श्वास संपलेला असतो. 'या ओळीतल्या घरांत पाणी शिरलं नव्हतं' यातलं 'नव्हतं' गिळलं गेलं तर मागच्या रांगेत उलटाच अर्थ पोचतो. मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर आणि पहिल्या वेळी फक्त एवढंच ऐक: प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कानावर येतो का? आपला आवाज ऐकायला नको वाटतं, ते सगळ्यांनाच वाटतं. दोन-तीनदा ऐकलंस की सवय होते. वाक्यं लहान केलीस तर श्वासही पुरतो.

सराव उभं राहून, मोठ्यानं आणि घड्याळ लावून. मनातल्या मनात वाचणं हा सराव नव्हे, कारण मनात कुणी अडखळत नाही. पहिल्यांदा स्लाईडशिवाय घरात आईला सांग. आई भांडी घासत असली तरी चालेल. ती जिथं 'म्हणजे गं?' म्हणेल तिथं कार्डावर खूण कर. नंतर भूगोल न घेतलेल्या एखाद्या मैत्रिणीला सांग. आणि शेवटच्या आठवड्यात विभागातल्या दोघींना मुद्दाम मध्ये तोडायला सांग. एकीनं प्रश्न विचारावा, एकीनं खुर्ची सरकवावी. तू उत्तर द्यायचंस आणि परतायचंस. परतीचं एक वाक्य तयार ठेव: 'तर आपण शाळेच्या भिंतीपाशी होतो.' असं तीन-चारदा परतून आलीस की त्या दिवशीची भीती उरणार नाही, कारण जे घडेल असं वाटत होतं ते घडून गेलेलं असेल आणि तू उभीच असशील. प्रत्येक वेळी वाक्यं थोडी वेगळी येतील. ती तशीच यायला हवीत.

तरीही ऐनवेळी एखादी जागा कोरी झाली तर? थांब. पाण्याचा घोट घे. कार्ड बघ. तुला ती थांबणूक मिनिटभराची वाटेल, समोरच्यांना ती तीन-चार सेकंदांची असते आणि त्यांना विचार करायला बरी पडते. 'सॉरी, मी विसरले' असं म्हणू नकोस, तुझ्याजवळ लिहिलेलं भाषणच नाही तर काय विसरलीस ते कुणाला कळणार? हात थरथरणं, तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं हे अंगातलं अ‍ॅड्रेनलीन वाढल्यानं होतं. चांगल्या वक्त्यांचंही होतं आणि बोलायला लागलं की थोड्या वेळानं ओसरतं. नाव पुकारण्याआधी चार-पाच वेळा सावकाश श्वास सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहा. लेझरचा ठिपका वापरू नकोस. हात जरा हलला की तो पडद्यावर वीतभर उड्या मारतो. नकाशावरची जागा दाखवायची तर पडद्याजवळ जाऊन हातानं दाखव आणि पुन्हा लोकांकडे वळ. वळेपर्यंत बोलू नकोस.

यंत्रांचं थोडक्यात. मजकूर युनिकोडमध्येच टाईप कर. जुन्या फॉन्टमध्ये केलेली मराठी दुसऱ्या संगणकावर गेली की तिचं काय होतं ते तू डीटीपीच्या दुकानात पाहिलं असशील. स्लाईडची पीडीएफ प्रत पेन ड्राईव्हवर आणि स्वतःच्या ईमेलवरही ठेव. नकाशात लाल आणि हिरवा शेजारी नको, काहींना तो फरक दिसत नाही. गडद निळा आणि फिकट पिवळा चालेल. अक्षर एवढं मोठं ठेव की शेवटच्या बाकावरून, खिडक्या उघड्या असताना वाचता येईल. आदल्या दिवशी जाऊन त्या खोलीत खरंच शेवटच्या बाकावर बसून बघ. आणि लोकांनी पडदा सोडून तुझ्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा, पॉवरपॉईंट असेल तर, इंग्रजी बी ची कळ दाब. पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की परत येतो. आजींचं वाक्य सांगताना हे करून बघ.

राहिले प्रश्न. तुझ्याकडे पाच मिनिटं आहेत, म्हणजे तीन-चार प्रश्न, आणि त्यातले बहुतेक आजच लिहून काढता येतील. किती घरं मोजली आणि तीच का निवडली? लोकांच्या आठवणीवर किती विसंबायचं? २०१९ ची खूण आणि २०२१ ची खूण एकाच भिंतीवर असेल तर कुठली कुणाची हे कसं ओळखलं? या प्रत्येकाचं उत्तर अर्ध्या मिनिटात द्यायचा सराव कर. प्रश्न आला की तो पूर्ण ऐक, मोठ्या सभागृहात असशील तर मोठ्यानं पुन्हा सांग, मग उत्तर दे. उत्तर माहीत नसेल तर 'हे मी तपासलेलं नाही' इतकं सरळ म्हण. संशोधन करणाऱ्यानं हे म्हणण्यात काही कमीपणा नाही. ठोकून दिलेलं उत्तर मात्र परीक्षक पुढच्या प्रश्नात उघडं पाडतात.

आणि एक प्रश्न येणारच, तो म्हणजे अलमट्टीचा. सांगलीच्या पुरावर कुणीही कुठंही बोललं की कृष्णेवरच, खाली कर्नाटकात असलेल्या या धरणाचा विषय निघतो. धरणातली साठवण पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायचा कर्नाटकचा आग्रह आहे आणि आपल्याकडे त्याला विरोध आहे, एवढी माहिती तुला हवीच. तुझ्या गावाचं ज्यात नुकसान झालं त्याबद्दल तुझं मत असणार, तुझ्या घरच्यांचंही असणार, आणि ते असायला हरकत नाही. पण त्या खोलीत तू काय मोजलंस तेवढंच तुझ्या हातात आहे. तेव्हा असं म्हण: 'सर, पाणी कुठवर आलं ते मी मोजलंय. का आलं, हे माझ्या अभ्यासात नाही. त्यासाठी धरणांतला विसर्ग आणि नदीची पातळी तासातासाला ताडून बघावी लागेल. माझ्या नोंदी त्या कामाला उपयोगी पडतील, कारण कुठल्या घरात कुठल्या दिवशी पाणी शिरलं ते मी लोकांकडून लिहून घेतलंय.' हे घेतलं नसशील तर अजून तीन आठवडे आहेत, एखादा रविवार गावात काढ आणि विचारून ये. उत्तर इथंच संपव, आणि दुसऱ्या कुणाचा हात वर असेल तर त्याच्याकडे बघ.